वाटेवरचे गाव

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या लेखी जगात दोनच गावे असतात. एक, जिथून तो निघाला ते आणि दुसरे, जिथे त्याला पोहोचायचे आहे ते. मधल्या गावांच्या पाट्या तो वाचतो, पण किती अंतर उरले हे मोजण्यापुरत्याच. मीही आजवर असाच प्रवास करीत आलो. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अशा एका मधल्या गावात आम्हा चौघा मित्रांना दोन तास थांबावे लागले. त्या दोन तासांनी माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला आणि तो अजून माझ्या उशाशी आहे. धर्मगुरूला कमीपणा आणणारी ही हकिकत आहे. तरीही ती वाचकांपुढे ठेवावीशी वाटते. कारण घाई हे आता केवळ धर्मगुरूंचे दुखणे राहिलेले नाही. ते आपल्या घराघरांत शिरले आहे.

आम्ही चौघे पुण्याच्या सेमिनरीत एका वर्गात होतो. तिघांना यथाकाल गुरुदीक्षा मिळाली. चौथ्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा केल्यावर सेमिनरी सोडली, संसार थाटला आणि तो शाळेत मराठीचा शिक्षक झाला. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. आमच्याच वर्गातल्या एका धर्मगुरूची आई छत्रपती संभाजीनगरात (आमच्या सेमिनरीच्या दिवसांत ते औरंगाबाद होते) देवाघरी गेली. त्या माउलीच्या हातची भाकरी आम्ही सर्वांनी खाल्ली होती. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता होता. रात्री मित्राने फोनवर एवढेच सांगितले, "प्रवचन तू कर." सकाळी सात वाजता मास्तरच्या गाडीने आम्ही पुणे सोडले.

नगर मागे टाकून तासभर झाला असेल नसेल, तोच गाडीच्या तोंडातून वाफा येऊ लागल्या. कशीबशी ती नेवासा फाट्यापर्यंत आणली. गॅरेजवाल्याने झाकण उघडून पाहिले आणि तुटलेला पट्टा आमच्या हातावर ठेवला. नवा पट्टा मागवावा लागेल, दोन तास तरी मोडतील, असे तो म्हणाला. साडेअकरा वाजले होते. मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागलो. मास्तर मात्र खुलला. "इतकी वर्षे मुलांना ज्ञानेश्वरी शिकवली आणि नेवासे अजून डोळ्यांनी पाहिले नाही. गाव इथून जवळच आहे. चला!" रिक्षा करून आम्ही गावात गेलो.

प्रवरेच्या काठचे हे गाव किती जुने असावे? डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले. अश्मयुगीन माणसाच्या दगडी हत्यारांपासून पुढच्या अनेक युगांच्या खुणा त्यांना एकाच परिसरात मिळाल्या. त्यांतली एक गोष्ट मी विद्यार्थिदशेत वाचली होती आणि ती विसरू शकलो नाही. तीन हजार वर्षांपूर्वी येथे राहणारे शेतकरी आपले मूल दगावले तर त्याला मातीच्या भांड्यांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. त्यांची भाषा कोणती, देव कोणते, हे आपल्याला ठाऊक नाही. पण मेलेल्या लेकराला दाराबाहेर घालवायला त्या आईबापांचे मन धजावत नसेल, एवढे मला समजते.

गावाबाहेर ज्ञानेश्वरांचे मंदिर आहे. तेथे एक दगडी खांब उभा आहे. मूळचे देऊळ पडले. खांब तेवढा राहिला. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या 'पैस' या पुस्तकाला ज्याच्यावरून नाव दिले, तोच हा खांब. याला टेकून शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरचे भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. मराठी ख्रिस्ती माणसालाही हा खांब परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली प्रथम छापले गेले, तेही ओवीतच. आपल्या श्रद्धेलाही या भाषेने आपले माप दिले आहे.

खांबाजवळ भिंतीला टेकून एक वृद्ध शेतकरी बसला होता. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ, शेजारी काठी. त्याने विचारले, "कुठलं पाव्हणं?"

मास्तर म्हणाला, "पुण्याचे. पुढे निघालो होतो. गाडी बिघडली म्हणून थांबलो."

"म्हंजी वाटंत थांबला. माऊलीबी हितं वाटंतच थांबली व्हती."

मग त्याने ती कथा सांगितली. पैठणहून परतताना ही चार भावंडे नेवाशात आली, तेव्हा एका माणसाला स्मशानात नेले होते आणि त्याची बायको सती जायला निघाली होती. ज्ञानेश्वर थांबले. त्यांनी प्रेताला हात लावला आणि ते उठून बसले. तोच सच्चिदानंदबाबा, पुढे ज्ञानेश्वरीचा लेखक तोच झाला. कथा सांगून झाल्यावर म्हातारा खांबाकडे पाहत म्हणाला, "हितं मेलेला उठला म्हणत्यात. म्हणून येऊन बसतो."

आम्ही कोण हे मास्तरने सांगितले, तेव्हा तो जरा सावरून बसला. लहानपणी मिशनच्या शाळेत आपण चार बुके शिकलो, तेव्हा फादर लोक सायकलवरून येत, असे तो म्हणाला. थोडा वेळ गप्प राहिला. मग एकदम माझ्याकडे वळून त्याने विचारले, "एक इचारू का, फादर? माझा थोरला गेल्या साली औषध प्याला. कर्ज व्हतं. कुणाला बोलला न्हाई. गावात म्हणत्यात, अशाला गती न्हाई. तुमच्यात काय म्हणत्यात? देव घेतो का अशाला?"

त्याच क्षणी मास्तरचा फोन वाजला. गाडी तयार झाली होती. सव्वा वाजला होता. मी घड्याळाकडे पाहिले. मी म्हणालो, "बाबा, प्रश्न मोठा आहे, सावकाश बोलायला हवे. पण आम्हाला एका मयतीला वेळेवर पोहोचायचे आहे."

म्हाताऱ्याने लगेच आपली काठी आमच्या वाटेतून बाजूला ओढली. "जावा, जावा. माती वक्तावर व्हाया पायजे. माझं काय, मी हितंच असतो."

त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता. उपरोध असता तर मला बरे वाटले असते. मास्तर म्हणाला, "दहा मिनिटे थांबू या." मी म्हणालो, "सारे आपली वाट पाहत असतील." आणि आम्ही निघालो.

प्रवरासंगमाला पूल ओलांडताना गोदावरी दुथडी भरून वाहत होती. कोणी काही बोलले नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी आम्ही चर्चच्या आवारात होतो. आवार रिकामे होते. शवपेटी अजून घरून निघायची होती. कोणीतरी चहा आणून दिला. कडुनिंबाखाली बाकावर बसून आम्ही तो प्यालो आणि वाट पाहिली. पंचावन्न मिनिटे वाट पाहिली.

चार वाजता मिस्सा सुरू झाला. मी निवडलेले शुभवर्तमान लूकच्या सातव्या अध्यायातले, नाईन गावाचे होते. प्रभू येशू आपल्या वाटेने चालला आहे. बरोबर शिष्य आहेत, मोठा समुदाय आहे. वेशीजवळ दुसरा समुदाय समोरून येतो. विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर आहे. कोणीही त्याला बोलावलेले नाही, कोणी विनवणी केलेली नाही. तरी तो थांबतो, त्या आईला रडू नकोस म्हणतो आणि तिरडीला हात लावतो. "आपल्या प्रभूला कधी घाई नव्हती," असे मी त्या दिवशी म्हणालो. लोकांचे डोळे पाणावले. मित्राने माझे दोन्ही हात हातात घेतले. प्रवचन फार चांगले झाले, असे अनेकांनी सांगितले.

रात्री मास्तरने मला एकच प्रश्न केला. "त्या म्हाताऱ्याला तू काय उत्तर दिले असतेस?" मी दिले असते ते उत्तर त्याला सांगितले. त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. मास्तर म्हणाला, "मग?"

या 'मग'चे उत्तर मी गेले वर्षभर शोधतो आहे.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला कर्तव्यांच्या संघर्षाविषयी शिकवले जाई. दोन कर्तव्ये एकाच वेळी समोर उभी राहिली तर कोणते आधी? हा प्रश्न खोटा नाही. मार्कच्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे. बाप प्रभूच्या पायाशी लोळण घेतो आणि प्रभू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली एक बाई त्याच्या वस्त्राला शिवते. प्रभू थांबतो. कोण शिवले, असे विचारतो. शिष्य वैतागतात. ती बाई थरथरत पुढे येऊन सारी हकिकत सांगते, आणि ती सांगून होते न होते तोच याईराच्या घरून निरोप येतो की मुलगी गेली. तेवढा वेळ याईराच्या मनात काय चालले असेल? त्याची मुलगी बारा वर्षांची होती. या बाईचे दुखणेही बारा वर्षांचे होते. ते आणखी एक तास थांबले नसते का? मला वाटते, प्रत्येक बाप हेच म्हणाला असता, आणि त्याला दोष देणे कठीण आहे. थांबणाऱ्याच्या थांबण्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजतो. म्हणून उठसूट थांबणे हा सद्गुण नव्हे. रविवारचा मिस्सा अर्धा तास उशिरा सुरू करणारा धर्मगुरू, वाटेत भेटलेल्या चार जणांशी गोड बोलला म्हणून निर्दोष ठरत नाही. मागे दोनशे माणसे खोळंबलेली असतात. प्रभूनेही त्या बाईपाशी थांबून याईराला सोडून दिले नाही. तो त्याच्या घरापर्यंत गेला आणि मुलीचा हात धरून तिला उठवले.

पण माझा प्रश्न हा नव्हताच. माझ्यापुढे दोन कर्तव्ये नव्हती. एक कर्तव्य होते आणि पंचावन्न मिनिटे होती. संघर्ष खरा नव्हता. तो माझ्या घाईने निर्माण केला होता आणि त्याला कर्तव्याचे नाव दिले होते. आपल्या रोजच्या आयुष्यातले बहुतेक संघर्ष असेच असावेत, असा मला आता संशय येतो.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ईशज्ञानाच्या चाळीस विद्यार्थ्यांना त्यांनी एकेक करून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. काहींच्या भाषणाचा विषयच दयाळू शोमरोनी हा होता. वाटेत एका दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला होता; त्याला मुद्दामच तिथे बसवले होते. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के त्याच्या मदतीला आले. ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यातले ४५ टक्के. "तुम्हाला उशीर झालाय, लोक खोळंबलेत," असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यातले केवळ १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हा निष्कर्ष मी पूर्वी प्रवचनात विनोद म्हणून सांगत असे. आता सांगवत नाही. मला तर नाईनची विधवाही थांबवू शकली नाही.

शोमरोन्याच्या दाखल्यात लूकने एक बारकावा ठेवला आहे. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या त्या वाटेने याजक आला तो 'योगायोगाने'. आपण या शब्दावरून घसरत पुढे जातो. पण संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवरच्या आपल्या ग्रंथात या योगायोगाला मोठा अर्थ दिला आहे. त्यांचे म्हणणे असे, की सर्वांवर सारखेच प्रेम करावे हे खरे. पण सर्वांचे भले करणे एका माणसाच्या आवाक्यात नाही. तेव्हा स्थळ, काळ किंवा परिस्थिती यांच्या योगाने जो तुझ्या निकट आणला गेला, तो जणू चिठ्ठी टाकून तुझ्या वाट्याला आला, असे समज आणि त्याची काळजी घे. हे मी सेमिनरीत परीक्षेसाठी पाठ केले होते. गाडीचा पट्टा तुटला, रिक्षा मिळाली, मास्तरला खांब पाहायची हौस आली. अशा चिठ्ठीने तो म्हातारा माझ्या वाट्याला आला होता. मी ती चिठ्ठी उघडली, वाचली आणि घडी घालून परत ठेवली.

मग करावे काय? 'थांबत जा' असे सांगणे सोपे आहे. पण घाईतल्या माणसाला उपदेश ऐकू येत नाही, हे प्रिन्स्टनच्या त्या विद्यार्थ्यांनी दाखवलेच आहे. दया ही केवळ मनाची गोष्ट नाही. तिला जागा लागते, आणि ती जागा आधी राखून ठेवावी लागते. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला एक आज्ञा आहे. पीक कापताना शेताचे कानेकोपरे कापू नकोस. पडलेले दाणे वेचू नकोस. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू दे. तो गरीब कोण, तो येईल केव्हा, येईल की नाही, हे शेतकऱ्याला माहीत नसते. तरी कोपरा राखायचा. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी शेती केली. कणसे ठेवून दिलेल्या कोपऱ्याचे मोल त्यांना सांगावे लागत नव्हते. आपण मात्र आपला दिवस बांधापर्यंत कापून काढतो. मिस्सा, नोकरी, मुलांचे क्लास, सभा, फोन. एकेक मिनिट खळ्यात जाऊन पडते. मग कोणी दारात उभा राहिला तर त्याला द्यायला आपल्याजवळ काहीच नसते. तेव्हा आपण निर्दय असतो असे नाही. आपण केवळ कोपरा ठेवलेला नसतो.

आणि हा कोपरा परक्यासाठीच हवा असेही नाही. त्या म्हाताऱ्याचे एक वाक्य मला अधिक छळते: "कुणाला बोलला न्हाई." तो मुलगा बोलला नाही, की त्याने बोलावे एवढा वेळ त्याच्यापाशी कोणी बसले नाही? बापाला हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार नाही. स्वतःला विचारण्याचा आहे. आपल्या घरातला एखादा अलीकडे गप्प गप्प असतो, हे आपल्या ध्यानात येते आणि रविवारी बोलू असे आपण ठरवतो. रविवारी दुसरेच काही निघते.

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही मुद्दाम नेवाशाला गेलो. खांब होता, म्हातारा नव्हता. मंदिरातल्या माणसाला विचारले. कुठल्याशा वस्तीवरून येतात, जमेल तसे येतात, एवढेच त्याला ठाऊक होते. नाव विचारावे तर आम्हालाच ते माहीत नव्हते. मी ते विचारलेच नव्हते. तासभर बसून आम्ही निघालो.

त्याला द्यायचे राहिलेले उत्तर मी येथे लिहून ठेवतो. त्याच्यापर्यंत ते पोहोचणार नाही, हे मी जाणतो. पण आपल्या धर्मग्रामांतही असे आईबाप आहेत. कोणी विचारतात, पुष्कळसे विचारीत नाहीत.

बाबा, जीव देवाचा आहे आणि तो आपल्या हाताने संपवू नये, असे आमची ख्रिस्तसभा सांगते. ती गोष्ट ती हलकी मानीत नाही. एके काळी जाणूनबुजून असे गेलेल्यांना ती आपल्या विधीने मातीही देत नसे; १९१७ च्या धर्मसंहितेत तसा नियम होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात ती सांगते की तीव्र मनोवेदना, संकटाची जबर धास्ती यांनी माणूस ग्रासला असेल, तर त्याची जबाबदारी त्या मानाने कमी होते. आणि असे गेलेल्यांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा देवाला ठाऊक आहेत, आपल्याला नाहीत. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तुमच्या मुलाला देव घेतो का, असे तुम्ही विचारलेत. कर्जाने पिचलेल्या, कोणालाही न बोललेल्या त्या पोरासाठी जो वेशीपाशी थांबला नसेल, तो माझा देव नव्हे.

एवढेच उत्तर होते. आता कुठेही निघायचे असले की मी अर्धा तास आधी निघतो. पुष्कळदा तो अर्धा तास रिकामाच जातो. जाऊ दे. त्या दिवशी तुमच्या मुलाच्या नावाने एक 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणतो. नाव माहीत नाही, म्हणून 'नेवाशाचा थोरला' असे म्हणतो.